फॉन्ट परत परत गायब होतोय? नक्की काय हरवलंय ते आधी पाहा

फॉन्ट दिसेनासा झाला की आपला पहिला हात जातो तो डाउनलोडकडे. मीही कित्येक वर्षं तेच केलं. त्यानं त्या दिवसाचं काम भागतं, आणि आठवड्याभरानं पुन्हा तीच फाइल, तोच फॉन्ट, अक्षरांच्या जागी त्याच रिकाम्या चौकटी. कारण असं की बहुतेक वेळा फॉन्टची फाइल हरवलेलीच नसते. ती डिस्कवर असते, पण तिची नोंद नसते. किंवा नोंद असते, पण ती भलत्याच जागेकडे बोट दाखवते. किंवा दोन्ही ठीक असतं आणि कॅश, म्हणजे फॉन्ट पटकन दाखवता यावेत म्हणून मशीननं साठवून ठेवलेली माहिती, बिघडलेली असते. किंवा सगळंच जागच्या जागी असतं आणि डॉक्युमेंटच दुसऱ्या नावाचा फॉन्ट मागत असतं. या चारही प्रकारांत पडद्यावर जवळपास सारखाच गोंधळ दिसतो, उपाय मात्र चार वेगळे. म्हणून काहीही पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी पाच मिनिटं निदानाला द्या.

एक सूचना आधीच: पुढे ज्या आज्ञा येतात त्या मी देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना त्या अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

पडद्यावर नेमकं काय दिसतंय?

अक्षरांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत असतील, तर आत्ता जो फॉन्ट वापरला जातोय त्यात ती अक्षरंच नाहीत. प्रत्येक फॉन्टमध्ये शून्य क्रमांकाची एक आकृती असते, 'हे अक्षर माझ्याकडे नाही' असं सांगणारी. बहुतेक फॉन्टांत ती चौकटीसारखी काढलेली असते. या चौकटींना गमतीनं टोफू म्हणतात, आणि गूगलच्या नोटो फॉन्टचं नाव 'नो टोफू' यावरूनच आलंय. सगळा मजकूर चौकटींचा झाला असेल तर देवनागरी फॉन्टच लागलेला नाही. पण पानभर मजकूर व्यवस्थित आणि एखाददुसऱ्या ठिकाणीच चौकट, असं असेल तर फॉन्ट धडधाकट आहे, फक्त वयानं मोठा आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या जागतिक संकेतयादीत, २००८ साली आलं आणि रुपयाचं चिन्ह २०१० साली. त्याआधी तयार झालेल्या फॉन्टात ती सापडणार नाहीत, तुम्ही तो दहा वेळा काढून बसवलात तरी. तिथे त्याच फॉन्टची नवी आवृत्ती शोधावी लागते.

दुसरं लक्षण म्हणजे रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची खिचडी. हा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांचा मामला: श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी आणि त्यांची भावंडं. या फाइलींमध्ये मजकूर मुळात रोमन अक्षरांच्या संकेतांतच साठवलेला असतो आणि फॉन्ट त्या संकेतांवर देवनागरी आकृत्या रंगवतो. फॉन्ट नाहीसा झाला की रंग उडतो आणि खालचे संकेत उघडे पडतात. मजकूर सुरक्षित असतो, घाबरू नका. पण प्रत्येक कंपनीच्या फॉन्टांची मांडणी वेगळी, त्यामुळे कृतिदेवमधल्या मजकुराला शिवाजी लावला तर देवनागरी दिसेल पण वाचता येणार नाही. इथे तोच फॉन्ट, निदान त्याच मांडणीतला फॉन्ट हवा. तो मिळतच नसेल तर त्या मांडणीसाठी बनवलेला युनिकोड कन्व्हर्टर वापरा.

या प्रकारात लोक एक चूक हमखास करतात: सगळा मजकूर निवडून त्याला मंगल हा विंडोजचा युनिकोड फॉन्ट लावतात. त्यानं मजकूर देवनागरी होत नाही, उलट आधी कोणता फॉन्ट लावला होता ही एकमेव माहिती पुसली जाते. मधेमधे खरे इंग्रजी शब्द असतील तर तेही आता खिचडीपासून वेगळे ओळखता येत नाहीत, आणि कन्व्हर्टर त्यांचाही चुराडा करतो. अशा फाइलची आधी एक प्रत काढा, मूळ फाइलला हात लावू नका.

तिसरं लक्षण सगळ्यात फसवं. मजकूर वाचता येतो, पण अक्षरांचा चेहरा बदललाय, ओळी सरकल्यात, बारा पानांची फाइल चौदा पानांची झालीये. मजकूर युनिकोडमध्ये आहे, मागितलेला फॉन्ट मशीनवर नाही, म्हणून प्रोग्रॅमनं त्याच्या जागी दुसरा उभा केलाय.

मराठी फाइलींच्या बाबतीत हा बदली खेळाडू बहुतेकदा निर्मला यूआय असतो आणि गैरहजर असतो तो मंगल. मंगल विंडोज २००० पासून विंडोजबरोबर यायचा, त्यामुळे तो कायमच असतो असं आपण धरून चालतो. पण विंडोज ८ मध्ये निर्मला यूआय आला, आणि विंडोज १० पासून मंगल, अपराजिता, कोकिला, उत्साह आणि संस्कृत टेक्स्ट हे सगळे एका ऐच्छिक पुडक्यात गेले. नव्या मशीनवर ते आपोआप असतीलच असं नाही. त्यासाठी कुठल्यातरी अनोळखी साइटवरून मंगल उतरवून घेऊ नका. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ऑप्शनल फीचर्स' टाइप करा, 'ॲड' किंवा 'व्ह्यू फीचर्स' निवडा, आणि यादीतून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घ्या. विंडोजच्या भाषांच्या यादीत मराठी जोडली तरीही हे पुडकं विंडोज स्वतःहून आणतं.

एक छोटासा उपप्रकारही सांगून ठेवतो, कारण यावरून मी एकदा अर्धा दिवस घालवला आहे. 'ल' आणि 'श' अचानक हिंदी वळणाचे दिसू लागले तर फॉन्ट बदललेला नसण्याचीच शक्यता जास्त. नोटो सॅन्स देवनागरीसारख्या काही फॉन्टांत या अक्षरांची मराठी रूपं वेगळी ठेवलेली असतात आणि मजकुराची भाषा 'मराठी' अशी नोंदवलेली असेल तरच ती पुढे येतात. मजकूर निवडून भाषा मराठी करा, 'ल' परत येतो.

नावाच्या रकान्यावर विश्वास ठेवू नका

वर्डमध्ये वरच्या पट्टीत फॉन्टचं नाव लिहिलेलं असतं. ते नाव म्हणजे डॉक्युमेंटनं काय मागितलंय त्याची नोंद. प्रत्यक्षात काय मिळालंय ते तिथे कळत नाही. फॉन्ट मशीनवर नसला तरी नाव तसंच दिसत राहतं, आणि आपण 'फॉन्ट तर लागलाय, मग असं का दिसतंय' म्हणून डोकं धरून बसतो. लिब्रेऑफिस याबाबतीत जरा प्रामाणिक आहे, तिथे नसलेल्या फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरांत दिसतं.

वर्डला खरं बोलायला लावायचं असेल तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे जा आणि खाली 'फॉन्ट सब्स्टिट्यूशन' हे बटण शोधा. कुठला फॉन्ट गैरहजर आहे आणि त्याच्या जागी कोण उभा आहे, याची यादी मिळते. सगळे हजर असतील तर वर्ड तसं सांगतो. पीडीएफ असेल तर प्रॉपर्टीजमधला 'फॉन्ट्स' हा भाग पाहा. पानमांडणीचा इनडिझाइन हा प्रोग्रॅम फाइल उघडतानाच तक्रार करतो आणि गैरहजर फॉन्टचा मजकूर गुलाबी पट्ट्यात दाखवतो, तिथे काही शोधावं लागत नाही.

वर्डमध्येच आणखी एक गंमत आहे. देवनागरी मजकुराचा फॉन्ट आणि रोमन मजकुराचा फॉन्ट या दोन वेगळ्या नोंदी असतात. कंट्रोल आणि डी दाबून फॉन्टची खिडकी उघडा, तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स' असा वेगळा भाग दिसेल. वरच्या रकान्यात फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर ढिम्म हलत नसेल, तर फॉन्ट हरवलेला नाही, तुम्ही रोमन अक्षरांचा फॉन्ट बदलत बसला आहात. लिब्रेऑफिसमध्येही अशीच विभागणी आहे, तिथे त्याला सीटीएल फॉन्ट म्हणतात.

विंडोजवर फाइल शोधताना

डॉक्युमेंटला हवं असलेलं नाव कळलं की मग फाइल शोधायची. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातला 'फॉन्ट्स' हा फोल्डर साधा फोल्डर नाही, तो एक सजवलेला देखावा आहे. तिथे फाइलींऐवजी फॉन्टांची कुटुंबं दिसतात आणि काही फॉन्ट लपवून फिकट केलेले असतात. शिवाय विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून फॉन्ट राहण्याची दुसरीही जागा तयार झाली. फाइलवर उजवी क्लिक करून नुसतं 'इन्स्टॉल' म्हटलं तर फॉन्ट त्या एका वापरकर्त्याच्याच खात्यात बसतो, ॲपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स अशा खोल बिळात. त्याखालचं 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडलं तरच तो मुख्य फोल्डरात जातो.

'एका प्रोग्रॅममध्ये दिसतो, दुसऱ्यात दिसत नाही' किंवा 'माझ्या लॉगिनला आहे, दुसऱ्याच्या लॉगिनला नाही' या तक्रारींचं मूळ बहुतेकदा इथेच असतं. काही जुने प्रोग्रॅम खात्यातल्या फॉन्टांकडे बघतच नाहीत. तपासायला सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, फॉन्ट्स इथे जाऊन फॉन्टवर क्लिक करा, खाली त्याची आवृत्ती आणि फाइलचा पूर्ण पत्ता दिसतो. पत्त्यात तुमच्या खात्याचं नाव असेल तर तो फॉन्ट काढून, मूळ फाइलवरून सगळ्यांसाठी पुन्हा बसवा.

फाइल डिस्कवर आहे पण यादीत नाही, असं असेल तर नोंद गेलीये. विंडोज कुठले फॉन्ट बसवलेले आहेत याची यादी रजिस्ट्री नावाच्या आपल्या अंतर्गत नोंदवहीत ठेवतो, नुसती फाइल फोल्डरात असून चालत नाही. आज्ञा देऊन किंवा एखाद्या बॅकअप प्रोग्रॅमनं फाइली थेट फोल्डरात ओतल्या की हे होतं. रजिस्ट्रीत हातानं नोंद भरत बसण्यापेक्षा फाइलची प्रत डेस्कटॉपवर घ्या आणि तिथून उजव्या क्लिकनं इन्स्टॉल करा, नोंद आपोआप होते.

नोंदही आहे, फाइलही आहे, तरी अक्षरं विचित्र दिसतात किंवा भलताच फॉन्ट उमटतो, तर कॅशवर संशय घ्या. सर्व्हिसेसमध्ये 'विंडोज फॉन्ट कॅश सर्व्हिस' थांबवा. विंडोज फोल्डरातल्या सर्व्हिसप्रोफाइल्स, लोकलसर्व्हिस, ॲपडेटा, लोकल, फॉन्टकॅश या फोल्डरातल्या फाइली काढा, सिस्टम३२ मधली 'एफएनटीकॅश डॉट डॅट' काढा आणि मशीन पुन्हा सुरू करा. कॅश नव्यानं तयार होते. मात्र हा उपाय जिकडेतिकडे रामबाण म्हणून सांगितला जातो तसा तो नाही. जो फॉन्ट मशीनवर नाहीच तो कॅश पुसून कुठून येणार?

तीच गोष्ट कंट्रोल पॅनेलमधल्या 'रिस्टोर डीफॉल्ट फॉन्ट सेटिंग्ज' या बटणाची. नावावरून वाटतं की दाबलं की हरवलेले फॉन्ट परत. ते परत आणतं त्या फक्त सेटिंग्ज: कोणता फॉन्ट लपवायचा, कोणता दाखवायचा वगैरे. डिलीट झालेली फाइल त्यातून येत नाही. विंडोजचा स्वतःचा फॉन्ट खराब झाला असेल तर कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून 'एसएफसी /स्कॅननाऊ' चालवा. त्याला दुरुस्ती जमली नाही तर 'डिझम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोरहेल्थ' चालवा आणि मग पुन्हा एसएफसी. बाहेरून आणलेल्या फॉन्टांशी या दोघांचा काही संबंध नाही.

बसवला तरी पुन्हा का जातो?

माझ्याच मशीनवर एका मथळ्याच्या फॉन्टनं मला असंच कित्येक महिने छळलं. काही दिवस नीट असायचा, मग अचानक एका सकाळी सगळे मथळे बदललेले. मी पुन्हा इन्स्टॉल करायचो, तो दिसायचा, आणि काही दिवसांनी परत गायब. कॅश पुसून झाली, एसएफसी झालं, व्हायरसची तपासणीही झाली. शेवटी कंटाळून रजिस्ट्रीतली यादी उघडली. एचकी लोकल मशीन, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन, फॉन्ट्स. तिथे बाकीच्या फॉन्टांपुढे नुसती फाइलची नावं होती आणि या एकापुढे ई ड्राइव्हपासून सुरू होणारा लांबलचक पत्ता. ई ड्राइव्ह म्हणजे माझी बाहेरची हार्ड डिस्क. ती जोडलेली असली की फॉन्ट हजर, ती कपाटात गेली की फॉन्टही कपाटात.

दोष माझाच होता. फॉन्ट सेटिंग्जमध्ये 'शॉर्टकट वापरून फॉन्ट इन्स्टॉल करू द्या' असा एक पर्याय असतो. एरवी तो बंद असतो. जागा वाचवायला मीच कधीतरी तो चालू केला होता आणि विसरलो होतो. त्यात विंडोज फाइलची प्रत करून घेत नाही, मूळ जागेचा पत्ता तेवढा लिहून ठेवतो. तेव्हापासून परत परत जाणाऱ्या फॉन्टची तक्रार आली की मी पहिली ती यादी बघतो. या यादीत नुसतं नाव असेल तर फाइल मुख्य फोल्डरात आहे, पूर्ण पत्ता असेल तर ती दुसरीकडे कुठेतरी आहे. ते 'दुसरीकडे' म्हणजे पेन ड्राइव्ह, नेटवर्कवरचा फोल्डर किंवा क्लाउडशी जोडलेला फोल्डर असेल तर चोर सापडला. क्लाउडच्या फोल्डरात तर फाइल दिसत असूनही प्रत्यक्षात मशीनवर उतरलेली नसते, नेट नसलं की तीही कामाची नाही.

बाकीची कारणं पटकन सांगतो. फॉन्ट मॅनेजर वापरत असाल तर तो फॉन्ट तात्पुरते चालू-बंद करतो, आणि मॅनेजर सुरूच झाला नाही तर सगळा गठ्ठा गायब दिसतो. वर्गणीवर मिळणारे फॉन्ट वर्गणी संपली किंवा लॉगिन तुटलं की जातात. आणि फॉन्ट पूर्वीपासूनचा टाइप १ प्रकारचा असेल, तर अडोबीनं आपल्या प्रोग्रॅममधून या प्रकाराचा आधार जानेवारी २०२३ मध्ये काढून घेतला. तिथे फाइल कितीही चांगली असली तरी नव्या आवृत्तीत ती दिसणार नाही. त्याच फॉन्टची ओपनटाइप आवृत्ती घेण्याला पर्याय नाही.

फाइल आहे, पण अर्धीच

धडधडीत तुटलेली फाइल ओळखायला सोपी असते: विंडोज ती बसवून घेत नाही, 'ही योग्य फॉन्ट फाइल नाही' म्हणून परत पाठवतो. अशी फाइल नोटपॅडमध्ये उघडून पहिली ओळ बघा. तिथे कोनाच्या कंसात 'डॉकटाइप' आणि 'एचटीएमएल' असं काही दिसलं तर तुम्ही फॉन्टच्या नावानं एक वेबपान उतरवलं आहे. लिंक मेलेली असते, साइट त्रुटीचं पान पाठवते आणि ब्राउझर ते फॉन्टच्या नावानं साठवतो. नावाच्या शेवटी 'ओटीएफ' असलेली ओपनटाइप फाइल खरी असेल तर सुरुवातीला बहुधा मोठ्या रोमन अक्षरांत 'ओटीटीओ' दिसेल, फॉन्टांच्या एकत्रित फाइलीत 'टीटीसीएफ'. 'डब्ल्यूओएफ२' दिसलं तर ती वेबसाठीची आवळलेली फाइल आहे, नावाचं शेपूट बदलून ती टीटीएफ, म्हणजे मशीनवर बसवायची फॉन्ट फाइल, होत नाही. आणि झिप उलगडून न घेता आतल्याआत डबल क्लिक केलं असेल तर आधी झिप उलगडा. हसू नका, हे मीही केलंय.

फाइल मधेच कापली गेली आहे का हे कळण्याची सोय फॉन्टमध्येच असते. फाइलच्या सुरुवातीला एक अनुक्रमणिका असते. आतला प्रत्येक तक्ता कुठे सुरू होतो, किती लांब आहे आणि त्याची बेरीज-खूण काय, हे तिथे लिहिलेलं असतं. अनुक्रमणिका म्हणते तक्ता अमुक ठिकाणी संपतो आणि फाइल त्याआधीच संपली, तर ती अर्धवट उतरली आहे. फॉन्टटूल्स हे मोफत साधन बसवलं की 'टीटीएक्स -एल' आणि पुढे फाइलचं नाव, एवढ्या आज्ञेत ही अनुक्रमणिका समोर येते. हाताशी चांगली प्रत असेल तर एवढंही नको, दोन्ही फाइलींचा आकार ताडून पाहिला तरी बहुधा कळतं.

कापलेली फाइल दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नका. फॉन्टफोर्ज या फॉन्ट बनवण्याच्या प्रोग्रॅममध्ये ती कदाचित उघडेल, पुन्हा साठवताही येईल, पण जो भाग आलाच नाही तो फॉन्टफोर्ज कुठून आणणार? नवी प्रत घ्या.

खरी डोकेदुखी पुढच्या प्रकाराची. फॉन्ट बसतो, अक्षरं दिसतात, आणि जोडाक्षरांचे पाय मोडतात. 'क्षत्रिय' लिहिलं तर 'क'खाली हलन्त आणि शेजारी सुटा 'ष'. रफार डोक्यावर चढत नाही. देवनागरीत जोडाक्षरं बनवण्याचे नियम फॉन्टमधल्या 'जीएसयूबी' नावाच्या तक्त्यात असतात. रूपांतर करणाऱ्या किंवा आकार कमी करणाऱ्या एखाद्या साधनानं तो तक्ता उडवला की सुट्या अक्षरांचा फॉन्ट उरतो. इंग्रजी वापरणाऱ्याला अशा फॉन्टमध्ये काहीच कमी दिसत नाही, म्हणून ही साधनं बिनदिक्कत फिरत असतात.

कुठलाही देवनागरी फॉन्ट बसवल्यावर मी ही ओळ टाइप करून बघतो: कुऱ्हाड, ऱ्हास, सूर्य, ज्ञान, श्रम, क्षत्रिय, ट्टा, उद्धव, द्व्यर्थी, बाळ, ॲप, ऑफिस, १२३, आणि शेवटी थोडे इंग्रजी आकडे आणि विरामचिन्हं. कुऱ्हाडीतला अर्धा 'ऱ' नीट आला नाही तर जोडाक्षरांचे नियम अपुरे. 'ॲ' चौकट झाला तर फॉन्ट जुना. इंग्रजी आकडेच दुसऱ्या फॉन्टात दिसले तर तुमच्याकडे वेबसाठी तुकडे केलेल्या फॉन्टचा देवनागरी तुकडा आलाय. गूगल फॉन्ट्स वेबपानांना फॉन्ट पाठवताना तो लिपीनुसार तुकड्यांत पाठवतो, म्हणजे पान लवकर उघडावं. ब्राउझरमधून तो तुकडा उचलून आणला तर अर्धाच फॉन्ट हाती लागणार. त्यापेक्षा तिथलंच डाउनलोडचं बटण दाबून पूर्ण कुटुंबाची झिप घ्या.

पीडीएफमधून फॉन्ट काढण्याचा सल्लाही याच जातीचा. पीडीएफमध्ये बहुतेकदा पूर्ण फॉन्ट नसतोच, त्या मजकुरात वापरलेल्या आकृत्याच असतात. फॉन्टच्या नावाआधी सहा मोठी रोमन अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसलं की समजायचं, हा कापून घेतलेला तुकडा आहे. मजकुरात 'ढ' आला नसेल तर फॉन्टातही 'ढ' नाही. वर्डमध्ये फॉन्ट फाइलीत जोडताना 'फक्त वापरलेली अक्षरं जोडा' ही खूण केलेली असेल तर तिथेही तेच होतं: फाइल वाचता येते, पण पुढच्या माणसाला त्यात नवीन ओळ लिहायची म्हटली की पंचाईत.

आणि अपुरं कुटुंब. मुक्तासारख्या फॉन्टमध्ये बारीकपासून जाडपर्यंत सात वजनं आहेत, म्हणजे सात फाइली. नुसती साधी बसवली आणि ठळक केलं, तर प्रोग्रॅम साध्याच अक्षराची रेघ फुगवून खोटा ठळकपणा आणतो. 'ळ' आणि 'ध' यांच्या पोटातल्या फटी बुजायला लागल्या की ओळखा, खरी ठळक फाइल बसलेली नाही.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर फॉन्ट तीन ठिकाणी असतात: सिस्टमच्या लायब्ररीत, मुख्य लायब्ररीत आणि वापरकर्त्याच्या स्वतःच्या लायब्ररीत. मॅकओएस बिग सरपासून, म्हणजे २०२० पासून, सिस्टमचा भाग मोहोरबंद असतो, त्यामुळे तिथले फॉन्ट चुकून उडण्याची भीती नाही. फॉन्ट बुकमध्ये फिकट दिसणारे फॉन्ट हरवलेले नसतात, ते बंद केलेले असतात किंवा अजून उतरवलेलेच नसतात. तिथेच फॉन्ट तपासून घेण्याची सोय आहे, ती आधी वापरा. मूळ फॉन्टसंच परत आणणारा पर्याय निवडलात तर बाहेरून टाकलेले फॉन्ट 'फॉन्ट्स (रिमूव्हड)' नावाच्या फोल्डरात हलवले जातात. नंतर 'माझे सगळे फॉन्ट गेले' असं वाटलं तर तिथे पाहा. कॅशचा संशय असेल तर एकदा सेफ मोडमध्ये मशीन सुरू केलं की पुरतं.

जुन्या मॅक फॉन्टांची एक खासियत अजूनही लोकांना रडवते. त्यांची माहिती फाइलच्या नेहमीच्या भागात नसून 'रिसोर्स फोर्क' नावाच्या जोडभागात असायची. मॅकबाहेरच्या पेन ड्राइव्हवर किंवा विंडोजवर कॉपी केली की तो जोडभाग गळून पडू शकतो आणि शून्य केबीची फाइल उरते. त्या शून्यातून काही काढता येत नाही. मूळ मॅक डिस्क शोधा आणि तिथूनच झिप करून आणा.

लिनक्सवर काम सगळ्यात सरळ. 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर' ही आज्ञा मराठी पूर्णपणे लिहू शकणारे फॉन्ट दाखवते, 'एफसी-मॅच' आणि पुढे फॉन्टचं नाव दिलं तर त्या नावानं प्रत्यक्षात कोणता फॉन्ट मिळणार ते कळतं. फाइली घरच्या फोल्डरातल्या डॉट लोकल, शेअर, फॉन्ट्स इथे ठेवा, 'एफसी-कॅश -एफव्ही' चालवा, झालं.

फाइल खरोखरच डिलीट झाली असेल तर

आधी सोप्या जागा. इनडिझाइनमध्ये काम 'पॅकेज' केलेलं असेल तर त्या फोल्डरातल्या 'डॉक्युमेंट फॉन्ट्स'मध्ये फाइली सापडतात. जुन्या झिपी, जुन्या ईमेलचे जोड, बदललेल्या मशीनची हार्ड डिस्क हेही बघा, फॉन्टचा परवाना तुमच्याकडे आहे ना एवढं लक्षात ठेवून. विंडोज नुकतंच नव्या आवृत्तीवर गेलं असेल तर सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डर असतो. त्यात जुना फॉन्ट्स फोल्डर आहे आणि वापरकर्त्याच्या खात्यातलं ते खोल बीळसुद्धा. पण घाई करा, हा फोल्डर दहा दिवसांनी विंडोज स्वतःच काढून टाकतो.

यातलं काहीच नसेल तर डिस्कवरून उकरून काढणं उरतं. त्या ड्राइव्हवर नवं काही लिहू नका, रिकव्हरीचा प्रोग्रॅमसुद्धा दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा आणि सापडलेल्या फाइलीही दुसरीकडेच साठवा. मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी किंवा मोफत मिळणारं फोटोरेक, दोन्ही चालतात. फोटोरेक नाव फोटोंचं सांगत असलं तरी टीटीएफ फाइलीही ओळखतो. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आशा बरी असते. एसएसडीवर डिलीट केलेल्या जागा ट्रिम आज्ञेनं लवकरच रिकाम्या होतात, तिथे एक-दोन प्रयत्नांपलीकडे वेळ घालवू नका.

उकरून काढलेल्या फाइलींची मूळ नावं बहुधा गेलेली असतात. एका फोल्डरात आकड्यांची नावं असलेल्या दोनशे फाइली बघून खचू नका. फॉन्टचं खरं नाव फाइलच्या आतल्या तक्त्यात लिहिलेलं असतं, बाहेरचं नाव काहीही असो. डबल क्लिक केलं की खिडकीच्या वरच्या बाजूला ते दिसतं. जी उघडत नाही ती टाकून द्या, जी उघडते तिच्यावर वरची कुऱ्हाड-ऱ्हासची ओळ चालवा, आणि एकाच नावाच्या दोन सापडल्या तर आवृत्तीचा आकडा बघून नवी ठेवा.